फ्रिअरचे नाव राहू द्या, भिवाचे लिहा

शिवनेरीच्या कड्यांवर पावसाळा सरता सरता एक फूल उमलते. पाच टोकांची चांदणी, रंग गर्द तांबडा-तपकिरी, त्यावर पिवळसर खुणा, कडेला बारीक केसांची झालर आणि रुंदी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. मांसल खोड कातळाच्या फटीतून बाहेर येऊन खाली लोंबते. उन्हाळ्यात पाने गळतात आणि नुसती खोडे तग धरून राहतात. हिच्या गोतातल्या माकडशिंगासारख्या वनस्पतींना पाने नावापुरतीच असतात, हिला मात्र चांगली जाड, ठसठशीत पाने येतात. मराठीत ही शिंदळ माकुडी. विज्ञानात हिला फ्रेरिया इंडिका हे नाव मिळाले ते निकोल अलेक्झांडर डॅलझेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. १८६०च्या दशकात त्याने तिचे वर्णन केले आणि तिच्यासाठी नवी प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) उभी करून तिला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. शिवरायांच्या जन्मस्थळी उगवणाऱ्या फुलावर इंग्रज गव्हर्नरचे नाव! वाद पेटायला एवढे पुरते, आणि तो पेटतोही.

दुःख एवढेच की तो फार वाईट रीतीने घातला जातो. एक बाजू म्हणते, ही गुलामीची निशाणी आहे, पुसून टाका आणि देशी नाव द्या. दुसरी म्हणते, विज्ञानाला देश नसतो, नावांना हात लावाल तर सगळा गोंधळ होईल, तेव्हा हा विषयच काढू नका. पहिली बाजू नाव म्हणजे रस्त्यावरची पाटी समजते. दुसरी ते इतके पवित्र मानते की ते कसे ठरले हे विचारणेही तिला आगाऊपणा वाटतो. माझे म्हणणे असे: फ्रिअरचे नाव काढू नये. ते काढल्याने ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना काहीही मिळत नाही. ही झाडे ज्यांनी ओळखली, दाखवली, कड्यावर चढून तोडून आणली, ज्यांनी त्यांची चित्रे काढली, त्यांची नावे मुळात लिहिलीच गेली नाहीत. भरून काढायची जागा ती आहे, आणि ती भरायला कोणाचेही नाव पुसावे लागत नाही.

आधी विरोधी बाजूचे सगळ्यात भक्कम मुद्दे घेऊ, कारण ते खरेच भक्कम आहेत. फ्रिअरने या वनस्पतीसाठी काय केले? वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काहीच नाही. तो साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता. १८४८ साली छत्रपती शहाजीराजे वारले, राज्य खालसा झाले आणि तोच तिथला कमिशनर झाला. पुढे तो गव्हर्नर झाला आणि त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत जाऊन झुलूंवरच्या युद्धाला कारण ठरला. डॅलझेल मुंबई इलाख्याच्या वनखात्याचा अधिकारी होता, म्हणजे त्याने आपल्या सरकारच्या सर्वोच्च माणसाचे नाव एका फुलाला दिले. याला मेहेरनजरेची अपेक्षा म्हणा किंवा त्या काळची रीत म्हणा, पण वनस्पतीचा त्याच्याशी संबंध नाही हे खरे. आणि हे एकच उदाहरण नाही. आपला पळस ब्यूटिया आहे तो इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ब्यूटच्या अर्लवरून. साल वृक्ष शोरिया आहे तो गव्हर्नर जनरल जॉन शोरवरून. आजच्या वनस्पती नामकरण संहितेतच अशी शिफारस आहे की निसर्गविज्ञानाशी ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाचे नाव प्रजातीला देऊ नये. त्या कसोटीवर फ्रिअर उतरत नाही. (ब्यूट उतरतो, तो वनस्पतींचा खरा शौकीन होता.)

याहून बोचणारे उदाहरण नरक्याचे आहे. कर्करोगावरच्या औषधासाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन ज्यापासून मिळते आणि ज्याची सह्याद्रीत बेसुमार तोड झाली, तोच हा नरक्या. फुलांना घाण वास येतो म्हणून मराठीत नरक्या आणि म्हणूनच लॅटिनमध्ये दीर्घकाळ फिटिडा, म्हणजे दुर्गंधी. दोन भाषांतल्या लोकांना झाडाचे एकच वैशिष्ट्य जाणवले होते. पण मुंबईच्या जॉन ग्रॅहमने १८३९च्या आपल्या वनस्पतिसूचीत हेच झाड निमो नावाच्या आपल्या स्नेह्यावरून नोंदवले होते असे पुढे लक्षात आले. जुने नाव आधी, हा नियम. त्यामुळे दुर्गंधी गेली आणि आज ते नोथापोडायटिस निमोनियाना आहे. झाडाबद्दल काही सांगणारे नाव जाऊन काहीच न सांगणारे नाव आले, हा तोटा मान्य करायलाच हवा.

मग नियम तरी असा का? कारण नावाचे पहिले काम वर्णन करणे नाही, गौरव करणे तर नाहीच. सगळ्यांचे बोट एकाच झाडाकडे वळवणे हे त्याचे काम. ते न झाल्यास काय होते याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. महाराष्ट्रात कोणत्याही सोसायटीच्या कुंपणाला उभे असलेले उंच, सरळसोट, लांब पानांचे झाड आपण ‘अशोक’ म्हणतो. स्त्रीरोगांवर ज्याची साल वापरतात तो सीतेचा अशोक, सराका असोका, पूर्णपणे वेगळा वृक्ष आहे. एक नाव, दोन झाडे, आणि बाजारात साल मात्र एकाच्या नावाने दुसऱ्याची. शंखपुष्पी मागा, प्रांताप्रांतात तीन-चार वेगळ्या कुळांतल्या वनस्पती हातात पडतील. पांढरा कुडा आणि काळा कुडा हे मराठीत भाऊ वाटतात, पण ते वेगळ्या प्रजातींचे आहेत. अतिसारावर गुणकारी साल पांढऱ्याची, आणि तिच्यात काळ्याची भेसळ ही जुनी तक्रार. या तिन्ही ठिकाणी वैद्याला, दुकानदाराला आणि तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेला एकमेकांशी बोलायचे असेल तर लॅटिन नावाशिवाय गत्यंतर नाही.

त्या नावाच्या मागे एक यंत्रणा आहे आणि ती समजून न घेता वाद घालणे हेच या चर्चेचे मोठे दुखणे आहे. १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या, लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथापासून नावांचा अग्रक्रम मोजला जातो. जातीचे प्रत्येक नाव एका वाळवलेल्या नमुन्याला, क्वचित एखाद्या चित्राला, बांधलेले असते, त्याला प्रारूप नमुना म्हणतात. नमुना कागदावर चिकटवलेला असतो, खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी असते: कुठे, कधी, कोणी गोळा केला, कितवा नमुना. नाव कशाचे याबद्दल शंका आली की शब्दकोश उघडत नाहीत, तो कागद उघडतात. आणि संहितेचे ५१वे कलम सांगते की नाव अयोग्य वाटते, आवडत नाही किंवा दुसरे अधिक चांगले आहे, एवढ्याने ते टाकता येत नाही. हे कलम फ्रिअरला वाचवण्यासाठी लिहिलेले नाही. ते नसते तर प्रत्येक पिढीने, प्रत्येक सरकारने आपापल्या आवडीची नावे घातली असती, आणि दोनशे वर्षांचे औषधी संशोधन, वनखात्याचे जप्तीनामे, निर्यातीच्या याद्या, संकटग्रस्त जातींच्या नोंदी एकमेकांना ओळखेनाशा झाल्या असत्या. अगदी रास्त कारणाने झालेला बदलही किती महाग पडतो ते नरक्यातच दिसते. मॅपिया फिटिडा, नोथापोडायटिस फिटिडा, नोथापोडायटिस निमोनियाना अशी तिन्ही नावे शोधनिबंधांत आणि व्यापारात अजून शेजारी शेजारी नांदतात. ज्याला माहीत नाही तो त्यांना तीन झाडे समजतो.

‘बॉम्बेचे मुंबई झाले, मग फ्रेरियाचे का नको?’ हा प्रश्न हमखास येतो. शहराचे नाव बदलले तरी शहर नकाशावर त्याच जागी राहते, रेल्वे तिथेच थांबते. शिवाय मुंबई हे नाव इथल्या लोकांच्या तोंडी होतेच, ते फक्त अधिकृत झाले. वनस्पतीचे शास्त्रीय नाव हाच तिचा नकाशावरचा पत्ता आहे. तो हलवला की तिच्याबद्दलची सगळी माहिती जुन्या पत्त्यावर पडून राहते. आणि ‘तोंडी असलेले नाव’ म्हणाल तर शिंदळ माकुडीला ते आहेच. ते वापरायला कोणाची परवानगी लागते? मराठी पाठ्यपुस्तकात, वनखात्याच्या फलकावर, बातमीत ते पहिल्यांदा यावे आणि लॅटिन नाव त्याच्यामागे. अमेरिकेतल्या पक्षितज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली माणसांवरून पडलेली पक्ष्यांची नावे बदलायचे ठरवले, त्याचा दाखला इथे देतात. तो निर्णय पक्ष्यांच्या इंग्रजी बोलीनावांबद्दल होता, शास्त्रीय नावे तशीच राहिली. दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

दुसरा दाखला माद्रिदचा, आणि तो जास्त वजनदार आहे. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या नामकरण विभागाने ३५१ विरुद्ध २०५ मतांनी ‘काफ्रा’ हे विशेषण (शास्त्रीय नावातला दुसरा शब्द) बदलून ‘आफ्रा’ केले. आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांना दिल्या जाणाऱ्या एका शिवीवरून ते आले होते आणि दोनशेहून अधिक वनस्पती, शेवाळे आणि बुरशींच्या नावांत होते. आपल्या पांगाऱ्याची एक आफ्रिकी बहीणही त्यांत होती. हा निर्णय योग्यच होता. तो कसा केला ते मात्र पाहा. एक अक्षर गळले. नाव देणारा तोच राहिला, साल तेच, प्रारूप नमुना तोच आणि अग्रक्रम तोच. २०२६च्या १ जानेवारीपासून प्रसिद्ध होणाऱ्या नव्या नावांत एखाद्या जनसमूहाचा अपमान असेल तर ते नाकारण्याची सोयही याच परिषदेने केली. ‘काफ्रा’ उच्चारताना दर वेळी जिवंत माणसांना शिवी दिली जात होती. ‘फ्रेरिया’ उच्चारताना कोणाला काही म्हटले जात नाही, एका मेलेल्या गव्हर्नरची आठवण निघते, इतकेच. या दोन गोष्टी एका तराजूत घालणे म्हणजे शिवीचे वजन कमी करणे आहे.

आणि गव्हर्नर नको म्हटले तर रेघ कुठे ओढणार? कुंभ्याचे झाड करेया आर्बोरिया आहे ते विल्यम केरीवरून. हा मिशनरी, कंपनी सरकारच्या फोर्ट विल्यम कॉलेजात नोकरीला होता. त्यानेच १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि वैजनाथ पंडितांचे साहाय्य घेतल्याचे त्यात नोंदवले. याला ठेवायचा की काढायचा? दसऱ्याला सोने म्हणून वाटतो ते आपट्याचे पान घ्या. मधून चिरल्यासारखे, दोन सारखे भाग, एका देठावर जोडलेले. आपट्याची प्रजाती बाउहिनिया. योहान आणि कास्पर बाउहिन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांची ती आठवण, आणि पानाचे दोन भाग म्हणजे ते दोन भाऊ असे लिनियसनेच लिहून ठेवले आहे. बसेलचे हे दोघे भाऊ भारतात कधी आले नाहीत. तरीही पान हातात धरून हे कोणाला सांगितले की तो आपटा जन्मभर विसरत नाही. माणसाचे नाव आहे म्हणून ते वाईट, हा नियम इथे लागू करायला कोणाचा हात धजेल?

‘देशी नावे द्या, ती निर्मळ आहेत’ असे म्हणणाऱ्यांनी शिंदळ माकुडी हे नाव पुन्हा एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे. ‘शिंदळ’ ही मराठीत बाईला दिली जाणारी शिवी आहे. झाडाला ती का चिकटली असेल ते असो, पण लोकांनी दिलेल्या नावांतही त्या लोकांचे पूर्वग्रह उतरतात. म्हणून ते नावही पुसायचे नसते. ते नोंदवायचे, वापरायचे आणि अभ्यासायचे असते.

फ्रिअरला घालवू पाहणाऱ्यांना विज्ञानानेच एक विचित्र उत्तर दिले आहे. फ्रेरिया ही वेगळी प्रजाती मानू नये, तिला करालुमात घालावे असे पुढे ठरवले गेले. तिथे ‘इंडिका’ हे विशेषण दुसऱ्या जातीने आधीच घेतलेले होते, एकाच प्रजातीत दोघींना तेच विशेषण चालत नाही. तेव्हा नवे विशेषण करावे लागले: फ्रेराय. मग काहींनी तिला बाउसेरोसियात नेले, काहींनी सेरोपेजियात, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या प्रजातीत. प्रजातीचे नाव गेले, गव्हर्नर मात्र विशेषणात शिल्लक राहिला. २०२५ साली विशाळगडावरच्या एका नव्या कंदीलपुष्पाला सेरोपेजिया शिवरायियाना हे नाव दिले गेले. म्हणजे कंदीलपुष्पांची ही व्यापक मांडणी मान्य केली तर शिवनेरीचे फूल फ्रिअरच्या नावाने आणि विशाळगडाचे फूल शिवरायांच्या नावाने एकाच प्रजातीत शेजारी बसतात. हे शेजारपण मला अपमान वाटत नाही. या डोंगरांवर कोणी राज्य केले, कोणी ते घेतले आणि आज नावे देण्याची ताकद कोणाच्या हाती आहे, हे सगळे त्या दोन ओळींत वाचता येते. एक ओळ खोडली की दुसरीचा अर्थही उणावतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळायला हवे, कारण तिचीही एक पळवाट आहे: ‘तो काळच तसा होता, तेव्हा स्थानिक माणसांची नावे कोण लिहीत होते?’ हे खरे नाही. डॅलझेलच्या जवळपास दोनशे वर्षे आधी, १६७८ ते १६९३ या काळात, डच अधिकारी व्हान रीडचा मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ‘होर्तुस मालाबारिकुस’ हा ग्रंथ ॲमस्टरडॅमहून प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच खंडात इट्टी अच्युतन या वैद्याचे त्याच्या लिपीतले प्रमाणपत्र छापले आहे. शेजारी रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांचे निवेदन आहे, कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत. ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून युरोपात छापले गेले. ज्ञान कोणाकडून आले याची पावती तेव्हाही देता येत होती. पुढे ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञाने अच्युतनवरून आखुडेमिया ही प्रजातीही केली. त्याहूनही जवळचे उदाहरण फ्रिअरच्या घरातले आहे. त्याची मुलगी मेरी हिने १८६८ साली दख्खनच्या लोककथांचा संग्रह छापला. त्यात कथा सांगणारी आया ॲना लिबरेटा डिसूझा हिचे नाव आहे आणि तिच्याच तोंडून सांगितलेले तिचे आयुष्यही. गव्हर्नरच्या मुलीला आयेचे नाव लिहावेसे वाटले, त्याच वर्षांत त्याच इलाख्यात झाडे दाखवणाऱ्यांची नावे लिहावीत असे शास्त्रज्ञांना का वाटले नाही? आणखी मागे गेले तर कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्या श्रीमंतांच्या जोडीने धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी हाती असलेल्याला जे सुचले ते लेखणी हाती असलेल्याला सुचू नये, याला काळाचे निमित्त पुरत नाही.

दापोडीचे उदाहरण फार अस्वस्थ करते. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारचे वनस्पती उद्यान होते. अलेक्झांडर गिब्सन हा शल्यवैद्य त्याचा अधीक्षक, आणि पुढे मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. त्याने १८४०च्या दशकाच्या अखेरीस एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढून घेतली. आज ती एडिनबराच्या उद्यानात जपलेली आहेत. पानाची शीर, फुलाचा छेद, रंगाची छटा असे सगळे त्यांत आहे. फक्त चित्रकाराचे नाव नाही. गिब्सनचे नाव आहे, बार्लेरिया गिब्सोनियायही आहे, ते डॅलझेलने दिले. ज्या हाताने ती झाडे कागदावर उतरवली त्याला आपण आज ‘दापोडीचा चित्रकार’ म्हणतो, कारण दुसरे काही म्हणताच येत नाही.

एक छोटी खूण मात्र उरली आहे, आणि या सगळ्या वादात ती कोणी दाखवत नाही. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागांभागांत निघाला. त्यात प्रत्येक जातीखाली ती कुठे मिळाली आणि कोणी गोळा केली ते दिले आहे. गोळा करणाऱ्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह असेल तर त्याचा अर्थ, हा नमुना कुकने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. डॅलझेल!, लॉ!, स्टॉक्स!, वुड्रो! अशा रांगेत मधेच येते: कानिटकर! आणि आणखी पुढे: भिवा! आडनाव नाही, हुद्दा नाही. भिवा आणि उद्गारचिन्ह. म्हणजे कोणी भिवा नावाचा माणूस डोंगर चढला. फुलावर असतानाच त्याने झाड नेमके मुळासकट काढले, दोन टीपकागदांत दाबले, रोज कागद बदलून बुरशी लागू न देता वाळवले आणि इतके नीट पोहोचवले की ग्रंथकर्त्याला ते पुरावा म्हणून पुरले. हे काम किती कौशल्याचे आहे ते ज्याने पावसाळ्यात सह्याद्रीत एकदा तरी नमुना वाळवायचा प्रयत्न केला आहे त्यालाच कळते. दोन दिवस कागद बदलला नाही की पाकळ्या काळ्या पडतात. मांसल खोडे तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारावी लागतात, नाहीतर ती कागदाच्या घडीतच फुटवे काढतात आणि पाने गाळतात.

त्या काळी मराठी माणसाला नाव मिळालेच नाही असेही नाही. सोनघंटेला १८९४ साली वुड्रो आणि स्टाप्फ यांनी ॲब्युटिलॉन रानडेय हे नाव दिले ते पुण्याच्या रानडे या संग्राहकावरून. भिडेया ही गवताची प्रजाती पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या भिड्यांवरून आहे. पण रानडे आणि भिडे संस्थेत होते, शिकलेले होते. भिवापर्यंत तो मान पोहोचला नाही. स्वातंत्र्यानंतर तरी पोहोचला का? नवी नावे पाहा: गुरू, विभागप्रमुख, संस्थेचे संचालक. त्यांतली बरीचशी योग्यच आहेत, ज्यांनी आयुष्य दिले त्यांना ती मिळाली. पण कड्यावर नेणारा कातकरी, ठाकर, महादेव कोळी वाटाड्या निबंधाच्या शेवटी ‘स्थानिक लोकांचे आभार’ या तीन शब्दांत मावतो. हे आता कोणी इंग्रज करत नाही.

डॅलझेलचा खरा वारसा फ्रेरियात शोधूच नये. १८४१ साली कस्टम खात्यात आलेल्या या माणसाने गिब्सनबरोबर १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ छापला, तोही भायखळ्याच्या छापखान्यात. त्याने वर्णन केलेल्या कित्येक जाती आजही त्याच्याच वर्णनाने ओळखल्या जातात. पावसाळ्यात पठारे पिवळी करणारे कवल्याचे काही प्रकार त्यांतलेच. कासला पांढऱ्या छत्र्यांसारखी फुलणारी वनस्पती त्याने कोकणावरून नोंदवली. पुढे १९८६ मध्ये मुखर्जी आणि कॉन्स्टन्स यांनी तिच्यासाठी नवी प्रजाती केली आणि तिचे नाव घेतले ते मराठी बोलीतून. त्यामुळे तिचे पूर्ण नाव आज असे लिहितात: पिंडा कोंकानेन्सिस, कंसात डॅलझेल, कंसाबाहेर मुखर्जी आणि कॉन्स्टन्स. कंसातला माणूस पहिला, बाहेरचे नंतरचे. मराठी शब्द, प्रांताचे नाव, स्कॉटिश अधिकारी, बंगाली आणि अमेरिकी शास्त्रज्ञ सगळे एका ओळीत, कोणालाही न खोडता. कारवीवरून ब्रेमेकाम्पने १९४४ मध्ये केलेली कार्विया आणि बोरिवलीवरून १९५५ साली नाव मिळालेली सफेद मुसळी, क्लोरोफायटम बोरिविलियानम, याच वाटेवरची. आपली भाषा आणि आपली गावे लॅटिनमध्ये जाऊ शकतात. आधीच गेलेली आहेत.

मग करायचे काय? पहिली जागा चिठ्ठी. नमुना गोळा करताना स्थानिक नाव देवनागरीतच लिहावे. रोमनमध्ये ळ आणि ल, ण आणि न, ड आणि द यांचा फरक बुडतो आणि वीस वर्षांनी ते नाव कोणालाच उच्चारता येत नाही. नाव कोणी सांगितले, कोणत्या बोलीत, कोणत्या पाड्यावर, हेही लिहावे, त्या व्यक्तीला विचारून. नाव सुचवून ‘याला अमुक म्हणतात ना?’ असे विचारू नये. समोरचा पाहुण्याचा मान राखून हो म्हणतो आणि खोटे नाव कायमचे छापले जाते. दोन-तीन माणसांना वेगवेगळे विचारावे, आणि तेही फुलावर असलेले अख्खे झाड दाखवून, तुटलेली फांदी दाखवून नाही. संग्राहकाच्या रकान्यात फक्त शास्त्रज्ञाचे नाव न घालता बरोबर चढलेल्या वाटाड्याचेही घालावे, त्या रकान्यात दोन नावे बसतात. मात्र कंदीलपुष्पे आणि शिंदळ माकुडी यांची नेमकी जागा जाहीर करू नये. हौशी संग्राहक कंद आणि खोडे उपटून नेतात, आणि पुढचा जाब गावकऱ्यांना विचारला जातो. दुसरी जागा गावाची लोक जैवविविधता नोंदवही. जैवविविधता कायद्याने ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती शेजारच्या गावाच्या वहीवरून उतरवलेली असते. तिथे सांगणाऱ्यांची नावे खरी आली तर भिवांची पुढची पिढी कागदावर येईल. तिसरी जागा नव्या जातीच्या निबंधातला व्युत्पत्तीचा परिच्छेद. जात पहिल्यांदा ज्याने दाखवली त्याचे नाव तिला देण्यात संहितेची कसलीही आडकाठी नाही.

जुन्या नमुन्यांचे काय, हेही वनस्पतिसंग्रहालयाच्या शिस्तीतच सांगून ठेवलेले आहे. कागदावरची मूळ चिठ्ठी कधीही काढत नाहीत, तीत चूक असली तरी खोडत नाहीत. नंतर तपासणारा आपले मत, नाव आणि तारीख लिहिलेली एक लहान चिठ्ठी मूळ चिठ्ठीच्या वर किंवा शेजारी डकवतो. काही कागदांवर अशा चार-पाच चिठ्ठ्या एकावर एक चढलेल्या असतात, आणि तो नमुना किती हातांतून गेला ते त्यांतून वाचता येते. भिवाचे जे नमुने कुकने पाहिले ते शोधून त्यांची यादी करणे, त्यांचे गाव-तारखा जुळवणे आणि त्या माणसाचा माग काढणे हे एखाद्या विद्यार्थ्याला दोन-तीन वर्षे पुरेल असे काम आहे. पुण्या-मुंबईची संग्रहालये त्यासाठी हाताशी आहेत. पुढे सह्याद्रीत एखादी नवी जात सापडली आणि ती त्याला अर्पण करायची झाली तर लॅटिन रूपही तयार आहे. संहितेनुसार ‘आ’कारान्त नावाला ‘ए’ जोडतात. भिवाचे होते ‘भिवाए’.